तेरची पांढरी आणि तिथली जुनी चूल

आपल्या मराठवाड्यात गावच्या जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानत आले आहेत. पीक येते ती काळी आणि वस्ती असते ती पांढरी. काळीला आपण आई म्हणतो, वेळ अमावास्येला शेतात जाऊन तिची पूजा करतो, आंबिलीचा नैवेद्य दाखवतो. पांढरीचे कौतुक मात्र सहसा कोणी करीत नाही. उलट माळवदावर टाकायला चांगली, खत म्हणून रानात घालायला चांगली, म्हणून तिच्या गाड्याच्या गाड्या भरून नेल्या जातात.

ही माती पांढरी का होते, याचा विचार आपण कधी केला आहे काय? पिढ्यान् पिढ्या एकाच जागी घरे उभी राहतात आणि पडतात. भिंतींची माती खाली बसते. त्यात चुलीतली राख मिसळते, सारवणाचे शेण मिसळते, केरकचरा मिसळतो, फुटक्या मडक्यांची खापरे मिसळतात. म्हणजे रोज सकाळी सुपात भरून बाहेर टाकलेली जी राख, तिनेच मोठ्या अंशाने ही पांढरी घडवली आहे. आणि राख टाकणारे हात कोणाचे, हे सांगायला नकोच.

शाळेत सातवीपर्यंत जो इतिहास मी शिकले, त्यात राजे होते, लढाया होत्या, तहाची कलमे होती. उकिरड्यात आणि राखेतही इतिहास असतो, हे मला कळले ते तेर गाव पाहिल्यावर. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर आपल्या मंडळाची सहल तेथे गेली होती. परभणीहून गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, लातूर, मुरूड, ढोकी असे करीत आम्ही तेरला पोहोचलो. ज्या भगिनींना येता आले नाही त्यांच्यासाठी, आणि ज्या आल्या त्यांनाही आठवण राहावी म्हणून, तेथे पाहिलेले आणि त्यानंतर वाचून समजून घेतलेले येथे सांगते.

तेर हे धाराशिव जिल्ह्यातले, तेरणा नदीच्या काठचे गाव. (या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव बदलून २०२३ मध्ये धाराशिव झाले.) आपण सगळ्या त्याला संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ओळखतो. नदीकाठी त्यांची समाधी आहे. परंतु गोरोबाकाकांच्याही हजार-बाराशे वर्षे आधी हे गाव दूरदेशी प्रसिद्ध होते. तेव्हा त्याचे नाव तगर असे होते. पुढे कोकणावर राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला मोठ्या अभिमानाने तगरपुराचे स्वामी म्हणवून घेत, इतकी या नगराची प्रतिष्ठा होती. हे तगर कोणते, याबद्दल पंडितांत पुष्कळ वाद झाला. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर म्हणे. शेवटी १९०१ साली फ्लीट या इंग्रज संशोधकाने तगर म्हणजेच तेर, असे पुराव्यानिशी मांडले आणि ते मान्य झाले.

दूरदेशी प्रसिद्ध म्हणजे किती दूर? तर पार रोमपर्यंत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्त देशात राहणाऱ्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने एक लहानसे पुस्तक लिहून ठेवले. त्याला पेरिप्लस असे म्हणतात. कोणत्या बंदरात काय मिळते, काय खपते, वारा केव्हा अनुकूल असतो, अशी सारी माहिती त्यात आहे. एखाद्या व्यापाऱ्याची वहीच म्हणा ना. त्या वहीत आपले पैठण आहे आणि आपले तेरही आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर, असे तो सांगतो. धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्या भरून माल भडोचला येई. पैठणहून रंगीत खडे आणि तगरहून कापड. साधे जाडेभरडे कापड पुष्कळ, आणि तलम मलमलीचेही नाना प्रकार.

भगिनींनो, हे वाचले तेव्हा मी क्षणभर थांबले. एका महिन्याच्या बैलगाडीच्या प्रवासाला पुरेल आणि वर जहाजे भरतील इतके कापड कोठून येत असेल? त्या काळी ना गिरणी, ना यंत्र. कापूस वेचायचा, सरकी काढायची, पिंजायचा, पेळू करायचे, चातीवर सूत काढायचे, मग ते मागावर जायचे. यातली बहुतेक कामे घरात, ओसरीवर, मूल मांडीवर घेऊन व्हायची. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती त्याच काळची आणि आपल्याच मुलखातली मानतात. तिच्यात कापसाची शेते, पिकाची राखण, चुलीपाशी बसलेली गृहिणी असे सारे येते. तगरचे व्यापारी श्रीमंत झाले असतील. त्यांची नावेही कोठे कोरली गेली असतील. सूत काढणारीचे नाव मात्र कोठेच नाही. तिचे सूत तेवढे समुद्रापलीकडे गेले.

आणि तेथे गेल्यावर काय झाले पाहा. रोममध्ये या व्यापाराबद्दल मोठी ओरड झाली. इ. स. २२ मध्ये तिबेरियस बादशहाने आपल्या सभेला कळवले की, बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्या देशांत जातो आहे. त्यानंतर प्लिनी नावाच्या विद्वानाने हिशेबच मांडला. एकट्या हिंदुस्थानात दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, जातात असे त्याने लिहिले. आणि आपली चैन व आपल्या बायका आपल्याला एवढ्याला पडतात, अशी टीका केली. म्हणजे इकडे सूत काढणारीचे नाव नाही, आणि तिकडे कापड नेसणारीला बोल! दोन हजार वर्षांपूर्वीही खर्चाचा विषय निघाला की बोट बायकांकडेच जात असे, हे वाचून आम्हा सर्वांना हसू आले. मिऱ्यावर तर प्लिनीचा फारच राग. ज्यात तिखटपणाखेरीज काही गुण नाही असली ही वस्तू लोक सोन्याचांदीसारखी तोलून घेतात, असे तो म्हणतो. त्याने भावही दिला आहे. काळे मिरे रत्तलाला ४ दिनार, तर पिंपळी रत्तलाला १५ दिनार. आपल्या काढ्यात घालायची ती ही पिंपळी! संस्कृतात पिप्पली, त्या शब्दावरूनच तिकडच्या भाषांत मिऱ्याचे नाव पडले.

कापडाबरोबर खाण्याचे जिन्नसही जात. पेरिप्लसच्या लेखकाने सांगितले आहे की, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून आणि भडोचहून आफ्रिकेच्या बंदरांना गहू, तांदूळ, तूप आणि तिळाचे तेल जाई. त्यांबरोबर बोरूसारख्या वेतातून निघणारा एक मधही जाई, त्याचे नाव साखरी. हा मध म्हणजे उसाचा पदार्थ, आणि साखरी म्हणजे आपली शर्करा. तांबड्या समुद्राच्या काठी इजिप्तमध्ये बेरेनिके म्हणून जुने बंदर आहे. तेथे उत्खननात एका देवळात हिंदुस्थानी घडणीचा रांजण निघाला आणि त्यात साडेसात किलो काळे मिरे जसेच्या तसे होते. तांदूळ, मूग आणि नारळही तेथे सापडले. परदेशी राहणारे आपले व्यापारी आणि खलाशी घरचे अन्न बरोबर नेत असणार. आज मुलगा परदेशी निघाला की आपण त्याच्या पेटीत मेतकूट आणि मुगाची डाळ घालतो, त्यातलाच हा प्रकार.

आता तेरचे संग्रहालय. याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तेरला पाऊस पडून पांढरी धुपली की मणी, शंखाचे तुकडे, नाणी वर येत. मुले ती वेचून खेळायला घेत. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांना या वस्तूंचे मोल कळले. त्यांनी आयुष्यभर त्या गोळा केल्या, पदरमोड केली आणि अखेर हा हजारो वस्तूंचा ठेवा सरकारच्या स्वाधीन केला. त्यांच्याच नावाने आज तेथे सरकारी संग्रहालय आहे. मोठी पदवी नाही, कोणी सांगितले नाही, तरी एका माणसाने गावाचा इतिहास वाचवला. अशी माणसे गावोगाव हवी होती, असे तेथे उभे राहिल्यावर वाटल्याशिवाय राहत नाही.

संग्रहालयात पांढऱ्या चिकणमातीच्या बाहुल्या आहेत. दोन साचे जोडून त्या केलेल्या आहेत आणि ही रीत रोमकडून आली असावी, असे अभ्यासक म्हणतात. केसांची रचना, कानांतले, गळ्यातले सारे इतके बारीक की, आमच्यातल्या एकीने लगेच त्या जुन्या दागिन्यांची नावे आजच्या नावांशी जुळवून पाहायला सुरुवात केली. मातीच्या लहान चकत्याही आहेत. त्यांवर रोमच्या नाण्यासारखे ठसे उमटवलेले आणि गळ्यात घालण्यासाठी भोक पाडलेले. खरे सोन्याचे नाणे परवडत नसेल, म्हणून ही मातीची हौस. आपण पुतळ्यांची माळ घालतो आणि ज्यांना सोन्याची जमत नाही त्या गिलिटाची घालतात, तसेच हे.

पण सर्वांत पाहण्यासारखी आहे ती हस्तिदंताची स्त्रीमूर्ती. टीचभरसुद्धा नसेल, पण काय ती घडण! अशाच घडणीची एक मूर्ती १९३८ साली इटली देशात पाँपेई येथे सापडली. पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. वर सांगितलेला तो मिऱ्यावर रागावणारा प्लिनी, तोही याच स्फोटात मरण पावला. त्या गाडलेल्या शहरातल्या एका घरात ही आपल्याकडची बाई निघाली! ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती आपल्या दख्खनेत, भोकरदनच्या बाजूला घडली असावी, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. कारण तेथेही तशीच मूर्ती सापडली आहे. भोकरदन म्हणजे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. तेथे १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले होते.

तेरलाही १९५८ साली चापेकर यांनी उत्खनन केले आणि पुढे पुरातत्त्व खात्यानेही केले. त्यात निघालेली एक गोष्ट दागिन्यांपेक्षा आणि मूर्तींपेक्षा माझ्या मनात अधिक राहिली. ती म्हणजे जळलेले धान्य. तांदूळ, गहू, कडधान्ये, सारे कोळशासारखे काळे झालेले. कोठे कणगीला आग लागली असेल, कोठे चुलीत दाणे सांडले असतील. चांगले धान्य लोकांनी खाल्ले. उरले ते किड्यांनी, उंदरांनी खाल्ले. बाकीचे कुजून मातीत गेले. जे करपले त्याला कीडही लागली नाही आणि ते कुजलेही नाही. म्हणून तेच आज आपल्याला सांगू शकते की, त्या वेळी लोक काय खात होते. पाँपेईलाही तसेच. तेथे १८६२ मध्ये एका भटारखान्याच्या भट्टीत ८१ पाव सापडले, तेही जळून कोळसा झालेले. करपलेले अन्न म्हणून आपण कपाळाला आठ्या घालून टाकून देतो. पण इतिहासाच्या घरी तेच ताट वाढलेले राहिले.

संग्रहालयाइतकेच महत्त्वाचे तेरचे त्रिविक्रमाचे देऊळ. बाहेरून पाहिले तर ते आपल्या नेहमीच्या देवळांसारखे दिसत नाही. विटांचे बांधकाम, मागची बाजू गोलाकार आणि वरचे छप्पर दमणीच्या टपासारखे किंवा हत्तीच्या पाठीसारखे कमानदार. अजिंठा-वेरूळची किंवा कार्ल्याची लेणी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा आकार ओळखीचा वाटेल. बौद्ध भिक्षू जेथे प्रार्थना करीत त्या चैत्यगृहाचा हा आकार आहे. पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात कझिन्स या अधिकाऱ्याने हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे सांगितले आणि पुष्कळ विद्वानांनी ते मानले. आंध्रात चेझर्ला येथेही असेच एक चैत्यगृह पुढे महादेवाचे देऊळ झाले आहे. तेरला खोदकामात विटांच्या एका मोठ्या स्तूपाचा पायाही निघाला. चाकाला आरे असावेत तशी त्याच्या पायाची मांडणी आहे. म्हणजे तगर ही जशी बाजारपेठ होती, तशी भिक्षूंच्या राहण्या-वागण्याचीही जागा होती.

आत आज विष्णूची त्रिविक्रम मूर्ती आहे. एक पाय आकाशाकडे उचललेला, आणि जवळ दान देणारा बळी. बळिराजाचे नाव घेतल्यावर आपल्या डोळ्यांपुढे दिवाळीचा पाडवा उभा राहतो. मूर्तीपुढे हात जोडताना माझ्या मनात आले की, देव बदलला तरी घर कोणी मोडले नाही. विटेला वीट तशीच राहू दिली, दिवा तसाच लावत राहिले. म्हणूनच कित्येक शतकांचे ते छप्पर आज आपल्याला पाहायला मिळते. आपण घरात नवी सून आली तरी जुना देव्हारा टाकत नाही, त्यातलीच ही समजूत.

आता भिक्षूंच्या जेवणाविषयी. ते स्वतः स्वयंपाक करीत नसत. सकाळी पात्र घेऊन गावात यायचे, जे वाढले जाईल ते घ्यायचे आणि दुपारच्या आत जेवण आटोपायचे. माध्यान्हीनंतर अन्न घ्यायचे नाही, असा त्यांचा नियम होता. सकाळी तांदळाची पेज चाले. तिचे गुण बुद्धांनीच सांगितल्याचे त्यांच्या ग्रंथांत आहे. आजारपणात तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी या पाच वस्तूंची मोकळीक होती. दुपारनंतर तहान लागली तर आंबा, जांभूळ, केळे, द्राक्ष अशा फळांचे गाळलेले रस चालत. याचा अर्थ असा की, विहाराचे खरे स्वयंपाकघर विहारात नव्हतेच. ते गावातल्या घराघरात होते. पहाटे उठून जात्यावर दळणारी, पेज शिजवणारी, दारात आलेल्या पात्रात पळीभर वाढणारी जी बाई, तिच्या चुलीवर तो सारा संघ चालत होता.

नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचे नाव कोरलेले आहे. तिने भिक्षूंना लेणे दान केले. ती राणी होती म्हणून तिचे नाव राहिले. पळीभर पेज वाढणाऱ्या बायकांचे नाव राहिले नाही. पण दाता म्हणून दोघी सारख्याच, असे मला वाटते.

या संदर्भात जुन्नरच्या लेण्यांतला एक शिलालेख फार सुंदर आहे. त्या काळी पश्चिमेकडून आलेल्या ग्रीक वगैरे लोकांना यवन म्हणत. असा एक चिट नावाचा यवन. त्याने संघाला भोजनमंडप दान केला, असे तेथे कोरलेले आहे. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. विचार करा, समुद्र ओलांडून व्यापाराला आलेला माणूस. भाषा वेगळी, देव वेगळे, खाणे वेगळे. त्याने येथे राहून दान काय दिले? तर जेवायला बसण्याची जागा आणि प्यायला पाणी. आपल्या इकडे पाहुण्याला पहिल्यांदा पाण्याचा तांब्या देतात आणि मग पाट मांडतात. त्या परक्या माणसांना आपल्या मुलखाची ही रीत बरोबर समजली होती, असेच म्हणावे लागेल.

सहलीहून परतताना गाडीत चर्चा निघाली की, त्या वेळच्या तगरच्या बाईचा स्वयंपाक कसा असेल? तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आपण ज्यांच्याशिवाय चूलच पेटवत नाही, त्यातल्या कितीतरी वस्तू तेव्हा नव्हत्या. मिरची नव्हती, बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता, शेंगदाणा नव्हता, मकाही नव्हता. ही सारी अमेरिका खंडातली पिके. पोर्तुगीज १४९८ मध्ये आपल्या किनाऱ्याला लागले, त्यानंतर ती हळूहळू इकडे आली. म्हणजे आपला ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी ज्ञानेश्वर-नामदेवांनी कधी चाखलेलीच नाही! ज्वारी-बाजरी मात्र आफ्रिकेतून फार पुरातन काळी येथे आलेल्या, रोमच्या व्यापाराच्याही आधी. मूग, उडीद, कुळीथ, तूर, तीळ, वांगे ही तर आपल्या भूमीतलीच.

मग चैत्रातल्या हळदीकुंकवाला मंडळात आम्ही तसे ताट करून पाहिले. ज्वारीची भाकरी, भात, मुगाचे वरण, कुळथाचे माडगे, भाजलेल्या वांग्याचे भरीत, तिळाची चटणी, आले आणि सैंधव लावलेले ताक, आणि गोडाला गव्हाची गूळ घातलेली खीर. तिखटाला फक्त मिरे, आले आणि वरणात चिमूटभर पिंपळी. फोडणी तिळाच्या तेलाची, जिऱ्या-हिंगाची. मुलांनी प्रथम कुरकुर केली. एक आजीबाई तर म्हणाल्या, "मिरचीवाचून जेवण म्हणजे कुंकवावाचून कपाळ." पण त्यांनीच दुसऱ्यांदा माडगे मागून घेतले. मिऱ्याचा तिखटपणा जिभेवर लगेच कळत नाही. तो मागाहून घशात उतरतो आणि पोटाला ऊब देतो. आणखी एक गोष्ट कळली ती हिशेब लिहिताना. त्या दिवशी सर्वांत जास्त खर्च मिऱ्याचा झाला. तेव्हा उमगले की, मिरची आपल्याकडे एवढी का पसरली. मिरे दूर मलबारच्या डोंगरातून विकत आणावे लागत. मिरची कोणाच्याही परसात चार रोपे लावली की वर्षाची बेगमी. गरिबाच्या भाकरीला चव आली ती मिरचीमुळे.

म्हणून जुने ते सारे चांगले आणि बाहेरचे ते टाकाऊ, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मिरची बाहेरून आली आणि घरची झाली. भोजनमंडप देणारा यवनही बाहेरून आला आणि इथल्या लेण्यात त्याचे नाव राहिले. जे येऊन चार माणसांच्या उपयोगी पडते ते आपले होते. मात्र काय आपल्याकडे आधी होते आणि काय मागून आले, हे ठाऊक असावे. नाहीतर आज कुळथाचे माडगे गेले, उद्या तिळाची चटणी जाईल आणि ती कधी होती हेही कोणाला सांगता येणार नाही.

गोरोबाकाकांची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेरला संतमंडळी जमली असता त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. मग गुरूच्या शोधात नामदेव विसोबा खेचरांकडे औंढ्या नागनाथाला गेले, अशी आख्यायिका आहे. औंढा तेव्हापासून आपला. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत तो परभणी जिल्ह्यातच होता. आणि नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई, ती तर आपल्या गंगाखेडची. तगरच्या अगणित बायकांपैकी एकीचेही नाव उरले नाही. पण जनाबाईने आपले जाते, आपले दळण, आपला केरकचरासुद्धा अभंगात घातला, म्हणून सातशे वर्षांनंतरही आपण तिला घरच्या माणसासारखी ओळखतो. घरकाम लिहून ठेवण्याजोगे असते, हे तिने आपल्याला आधीच दाखवले आहे.

आपल्या गोदावरी, पूर्णा आणि दुधना नद्यांच्या काठीही जुन्या पांढऱ्या आहेत. आता तेथे ट्रॅक्टर आणि खोदकामाची यंत्रे लागतात. शेकडो वर्षांत बैलगाड्यांनी जेवढे नेले नसेल तेवढे ती एका आठवड्यात नेतात. तेरला निदान एक लामतुरे होते. आपल्या गावात घराचा पाया खणताना किंवा शेत सपाट करताना मणी, खापर, नाणे, मूर्ती काही निघाले, तर ते जपून ठेवावे आणि तलाठ्याला किंवा तहसील कचेरीत कळवावे. पोरांनी आणलेले मणी खेळून हरवू देऊ नयेत. एवढे तरी घरातल्या बाईच्या हाती नक्कीच आहे. कारण अंगणात काय येते आणि काय बाहेर टाकले जाते, यावर नजर तिचीच असते.

दुसरे काम याहून सोपे आहे. चुलीची राख आता आपल्या घरांतून निघत नाही. गॅसच्या शेगडीची पांढरी होत नाही. आपल्या स्वयंपाकाची खूण मातीत राहणार नाही, ती लिहिली तरच राहील. म्हणून या स्मरणिकेच्या शेवटी दोन पाने मुद्दाम कोरी ठेवली आहेत. आपल्या सासूबाईंकडून, आजीकडून किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध बाईकडून एक जुना पदार्थ विचारून घ्यावा. त्यात काय घालतात, किती घालतात, कोणत्या सणाला करतात आणि तो त्यांना कोणी शिकवला, एवढे त्या पानांवर लिहावे. खाली शिकवणारीचे नाव घालायला मात्र विसरू नये.